डावीकडे ओढणारी गाडी

येळवसेच्या दिवशी ठाण्यातला फोन सहसा वाजत नाही. मार्गशीर्षातली ती अमावस्या. बीदरकडची माणसं बायकापोरांसह रानात जातात, उभ्या ज्वारीत कडब्याची कोप घालून पूजा करतात आणि भज्जी-आंबिलीवर आडवा हात मारतात. गावं ओस पडतात. त्या दिवशी चोरसुद्धा रानात जेवायला असतो, असं हवालदार मडिवाळप्पा दरवर्षी सांगायचा आणि दरवर्षी स्वतःच हसायचा. म्हणून फोन वाजला तेव्हा फौजदार शैलश्रीला वाटलं, घरून आईचा असेल.

फोन मडिवाळप्पाचाच होता, आणि तो हसत नव्हता.

"मॅडम, राजेश्वरच्या शिवारात या. आडतवाले सिद्धलिंगप्पा गाडीखाली गेले. त्यांच्या धाकट्या भावाची, वीरण्णाची, नवी गाडी. स्टिअरिंग आपोआप वढलं म्हनायलेत. आन् ती गाडी दुरुस्त केलेल्या पोराला लोकं मारायलेत. मी एकटाय हितं. लवकर या, न्हाईतर दुसरं मढं उचलावं लागंल."

शैलश्री पोचली तेव्हा दुसरं मढं पडायला फारसं काही बाकी नव्हतं.

तो पोरगा म्हणजे सुनीलकुमार. मूळचा राजेश्वरचाच, धनगराचा, बीदरला मैलूरकडच्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. सणाला म्हणून गावी आला होता. आपल्या कोपीत आईसोबत जेवायला बसलेला असताना लोकांनी त्याला ताटावरून ओढून आणलं होतं. आता तो रस्त्यात पालथा पडला होता. त्याचा उजवा हात एका दगडावर ठेवलेला होता आणि जॅकचा दांडा घेतलेला एक माणूस घामाघूम होऊन बाजूला उभा होता. ज्या हातानं स्टिअरिंग बिघडवलं तोच हात, असा त्यांचा न्याय. आंबील पिऊन, पोटभर जेवून केलेला न्याय.

शैलश्रीनं काठी चालवली. समोर जो येईल त्याच्यावर चालवली, आणि तिला त्यात बरं वाटलं, हे तिनं नंतर कुणापासून लपवलं नाही. गर्दी मागं हटली.

ती सुनीलकुमारजवळ वाकली. तो पुटपुटत होता, "मॅडम, गाडी वढलीच असंल तर उजवीकडं वढंल... उजवीकडं..."

"आजून खोटं बोलतंय बघा!" कुणीतरी ओरडलं आणि गर्दीतून एक लाथ आली. शैलश्रीनं ती लाथ मारणाऱ्याच्या नडगीवर काठी घातली आणि पोराला जीपमधून बसवकल्याणच्या दवाखान्यात धाडलं. सोबत एक शिपाई दिला. गुन्हा नोंदवायचा म्हटलं तर आत्ता तरी संशयित तोच होता.

मग ती प्रेताकडे वळली.

रस्ता अरुंद आणि सरळ होता. डाव्या कडेला रुंदीकरणासाठी नवी खडी पसरलेली, अजून रोलर न फिरलेली, टोकदार. उजव्या कडेला काळ्या मातीची मऊ पायवाट आणि तिला लागून ज्वारी. सिद्धलिंगप्पा डावीकडे, खडीवर पडले होते. साठी ओलांडलेला धिप्पाड माणूस, कपाळावर विभूती, अंगाखाली घोंगडी. घोंगडी भिजून चिंब झाली होती आणि तिला आंबट वास येत होता. चुन्यानं रंगवलेल्या मातीच्या बिंदग्याचे, म्हणजे आंबिलीच्या घागरीचे, तुकडे शेजारी कोरड्या खडीवर पडले होते. थोडं पुढं, पांढऱ्या रंगाची नवी गाडी डावीकडच्या चरात तोंड घालून उभी होती. बॉनेट मधोमध चेपलेलं.

प्रेताचे पाय उघडे होते. शैलश्रीनं तळवे पाहिले. काळी, ओलसर माती टाचेपर्यंत लागली होती. खरचटलेलं कुठं दिसत नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडे, उजव्या कडेला, दोन कुत्री पायवाट चाटत होती. रक्ताला चटावलेली दिसतात, असं म्हणून तिनं एक दगड भिरकावला. कुत्री चार पावलं मागं गेली आणि पुन्हा येऊन तीच जागा चाटू लागली.

वीरण्णा एका झाडाखाली बसला होता. पंचेचाळिशीचा, गोरा, पायात बूट, डोळे सुजलेले. दुःखापेक्षा त्याचं रडणं जास्त मोठं होतं.

"गाडी कोण चालवत होतं?" शैलश्रीनं विचारलं.

"मीच."

"आणखी कोण होतं आत?"

"कुनीबी न्हाई. बायका पोरं ट्रॅक्टरनं म्होरं गेलती."

"आणि अण्णा चालत?"

"व्हय. आमच्या घरात आंबिलीचं बिंदगं थोरल्यानंच डोक्यावर न्यायचं, खांद्यावर घोंगडी घेऊन, अनवानी. गाडीत ठिवायचं न्हाई. बापानं केलं, आण्णानं केलं."

"कुठल्या बाजूनं चालत होते?"

"डाव्या. मी मागनं आलो. एकाएकी स्टिअरिंग डावीकडं फिरलं, मॅडम. मी धरायला गेलो तर आतली मोटर उलटा जोर लावायली. हे नवं करंटवर चालनारं स्टिअरिंग हाय न्हवं! माणसाचं ऐकतच न्हाई. महिनाभर बोंबलायलोय मी. साऱ्या गावाला म्हाईत हाय."

ते खरं होतं. मडिवाळप्पानं मान डोलावली. वीरण्णाची गाडी डावीकडे ओढते, ही गोष्ट चहाच्या टपरीवरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होती.

"काल बीदरहून दुरुस्त करून आणलीत. येताना कशी चालली?"

"तशीच. डावीकडंच वढायलती. त्या पोरानं काडीचं काम केलं न्हाई."

"काम केलं नाही, की चुकीचं केलं?"

वीरण्णा थांबला. "चुकीचं केलं," तो म्हणाला.

"त्याचं नाव लोकांना कुणी सांगितलं?"

"माज्याच तोंडातनं गेलं, दुक्कात." मग त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "मेला का ते?"

प्रश्न साधा होता, पण त्यातली आशा शैलश्रीला आवडली नाही.

सिद्धलिंगप्पांची बायको पूर्वीच वारली होती. एकुलती लेक नीलम्मा, नवऱ्यानं टाकलेली, माहेरीच असायची आणि आडतीचं काम बघायची. ती कोपीत, न लावलेल्या समईपुढं बसली होती. रडून झालं होतं.

"अक्का, घरात काही वाद?" शैलश्रीनं विचारलं.

"आमुशाच्या आदल्या महिन्यात अप्पानं सगळ्यांपुढं सांगितलं. म्होरल्या साली बिंदगं माजी लेक न्हील."

"म्हणजे?"

"ज्याच्या डोक्यावर बिंदगं, त्याचं घर. त्याचं रान." नीलम्मा बोलता बोलता थांबली. "रस्त्याकडंचं रान हैदराबादच्या लोकांला पायजे. काका इकू म्हनायलता. अप्पा न्हाई म्हनले."

"काका काय म्हणाला?"

"काय न्हाई. हसला. दुसऱ्या दिवशी जाऊन गाडी घिऊन आला."

संध्याकाळी शैलश्री बसवकल्याणच्या दवाखान्यात गेली. शवविच्छेदन करणारा डॉक्टर हात पुसत बाहेर आला. सणाच्या दिवशी कामाला लावल्यामुळे तो आधीच वैतागलेला होता.

"धडकेनं लगेच मेले नाहीत," तो म्हणाला. "बरगड्या आत घुसल्या होत्या. बराच वेळ जिवंत असणार. दवाखान्यात आणलं असतं तर कदाचित वाचले असते. दोन्ही काखांखाली कापड आवळून ओढल्याचे वळ आहेत. आणि नखांत लोकर आहे, मूठभर."

"घोंगडीची?"

"मी घोंगडीचा डॉक्टर नाही. पण हो, तसलीच."

वरच्या मजल्यावर सुनीलकुमार पडून होता. शिपायानं नियमाप्रमाणे त्याला पलंगाला बेडी घातली होती. ती डाव्या हाताला होती, कारण उजव्या हाताला बेडी अडकवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पायाशी त्याची आई कोंडाबाई बसली होती. तिनं शैलश्रीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खरं बोलशील तर ऐकते," शैलश्री म्हणाली. "गाडी डावीकडं ओढत होती?"

"न्हाई मॅडम. एकदाबी न्हाई. मी चालवली, दुसऱ्यानं चालवली. सरळ जायलती."

"मग दुरुस्त काय केलंस?"

"साहेब म्हनले, मोठं गिऱ्हाईक हाय, शिव्या देतंय, कायतरी कर. मग मी चाकं जराशी उजवीकडं धरली. म्हनलं, समाधान हुईल."

"चांगली गाडी मुद्दाम वाकडी केलीस?"

त्यानं डोळे मिटले. "व्हय. चाकं हलवली का त्या स्टिअरिंगच्या मोटरला मध्य कुटं हाय ते नव्यानं शिकवावं लागतंय, कंप्युटर लावून. तेवड्यात लाईट गेली. वीरण्णा थांबंनात. उद्या येळवस हाय, चावी दे म्हनले. मी सांगायला गेलो तर त्यांनी काच वर केली."

"मध्य शिकवला नाही तर काय होतं?"

"मोटरला चुकीचीच दिशा सरळ वाटती. हात सैल सोडला का तिकडं न्हेती. उजवीकडं."

"म्हणजे चूक तुझीच."

"चूक माजीच हाय मॅडम. पन डावीकडची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलश्रीनं ती गाडी चरातून बाहेर काढायला लावली. चरात ती हळूच उतरवली होती. चाकं, खालचे दांडे, सगळं शाबूत. बॉनेटचा पत्रा सोडला तर गाडीला काही झालं नव्हतं. मडिवाळप्पाला शेजारी बसवून तिनं सरळ रस्त्यावर गाडी काढली आणि स्टिअरिंगवरचे हात उचलले.

मडिवाळप्पानं डोळे मिटून बसवण्णाचं नाव घेतलं.

गाडी जराशी रेंगाळली, मग शहाण्या बैलासारखी वळायला लागली. उजवीकडे. शैलश्रीनं ती सावरली, परत फिरवली आणि उलट्या दिशेनं तेच केलं, म्हणजे रस्त्याचा उतार कारणीभूत नको. पुन्हा उजवीकडे.

"पोरगं खरं बोलायलंय की," मडिवाळप्पा म्हणाला.

शैलश्री खाली उतरली. काल कुत्री जिथं होती तिथं गेली, गुडघ्यावर बसली आणि मातीचा वास घेतला. मग तिनं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. हवालदाराच्या तोंडाचा आ झाला. तिनं थुंकून टाकलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "गावाला बोलवा. वीरण्णालाही. नीलम्मालाही. पंच म्हणून कालचीच माणसं घ्या, फार उत्साही आहेत ना."

ऊन वर आलं तेव्हा रस्त्यावर पन्नासएक माणसं जमली होती. वीरण्णा पांढऱ्या धोतरात, सुतकी चेहऱ्यानं पुढं उभा होता.

"वीरण्णा, सगळ्यांना पुन्हा सांगा," शैलश्री म्हणाली. "अण्णा कुठल्या बाजूनं चालत होते?"

"डाव्या. किती डाव सांगू?"

"अनवाणी?"

"व्हय."

"मग बूट काढा आणि डाव्या कडेनं चाला. प्रेत पडलं होतं तिथपर्यंत."

"ह्याला काय अर्थ हाय?"

"काढा."

वीरण्णानं बूट काढले. खडीवर दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला तोल जाऊन त्याचा तळवा फाटला. रक्त आलं. तो मटकन खाली बसला.

"तुम्ही धाकटे," शैलश्री म्हणाली. "बिंदगं कधी डोक्यावर घेतलं नाही. दरवर्षी तुम्ही बुटात, गाडीवर, मागून यायचात. म्हणून तुमच्या ध्यानातच आलं नाही की अनवाणी माणूस, डोक्यावर भरलेलं बिंदगं घेऊन, या खडीवर पाय ठेवणार नाही. तो पलीकडच्या मऊ पायवाटेनंच जाणार. अण्णांच्या तळव्यांना काळी माती होती, खरचटलेलं काहीच नव्हतं. ते उजवीकडून चालत होते."

गर्दीत कुजबुज सुरू झाली.

"बिंदगंही तिकडंच फुटलं. आंबील तिकडच्या मातीत मुरली. काल कुत्री ती चाटत होती, आणि मी बावळटासारखी समजले, रक्त चाटतायत. इथं खडीवर बिंदग्याचे तुकडे होते, पण खडी कोरडी होती. तुकडे उचलून आणता येतात, सांडलेली आंबील कशी आणणार? घोंगडी तेवढी भिजलेली आली, कारण तिच्यात गुंडाळूनच तुम्ही त्यांना रस्त्याच्या या बाजूला ओढत आणलं."

"कामून?" गर्दीतून एक म्हातारा ओरडला. "कामून वढंल? जिथं पडले तिथं पडले!"

"कारण महिनाभर यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, गाडी डावीकडं ओढते. गाडीला काही झालेलं नव्हतं. ती कुणाच्याही हाताखाली डावीकडं गेली नाही, फक्त यांच्या तोंडात गेली. नीलम्माच्या डोक्यावर बिंदगं जाणार हे कळल्यावर यांनी गाडी घेतली आणि त्या गाडीच्या नावानं ओरड सुरू केली. वर्षातून एकच दिवस असा, की थोरला भाऊ या रस्त्यानं एकटा चालत जाणार आणि गाव ओस पडलेलं असणार. यांचं सगळं ठरलेलं होतं. फक्त अण्णा चुकीच्या बाजूनं चालत होते. तरी यांनी गाडी तिकडं घातलीच, कारण पुढच्या वर्षी उशीर झाला असता."

वीरण्णा ओरडला, "खोटं हाय! गाडी वढली म्हनून—"

"गाडी ओढते," शैलश्री म्हणाली. "मी आज सकाळी चालवली. उजवीकडं ओढते. तुमच्या खोट्या तक्रारीपायी त्या पोरानं ती परवा खरोखर बिघडवली. बीदरपासून इथपर्यंत ती तुमच्या हातात उजवीकडं जात होती आणि मला तुम्ही सांगितलंत, डावीकडंच. तुम्ही बघितलंच नाही. बघायची गरजच काय, तुमचं उत्तर तर पाठ होतं."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"अण्णांना होते तिथंच पडू दिलं असतंत ना वीरण्णा, उजव्या कडेला, तर मी काहीही करू शकले नसते. तपासणी झाली असती, गाडी उजवीकडं ओढते असं निघालं असतं, तो पोरगा तुरुंगात गेला असता आणि तुम्ही रान विकलं असतं. गाडीनं तुम्हाला वाचवलं होतं. तुम्हीच स्वतःला फासावर ओढत आणलंत."

वीरण्णाचं तोंड उघडंच राहिलं. आतापर्यंत त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. आता आली, आणि तीही भावासाठी नव्हती, हुकलेल्या डावासाठी होती.

"ते जिवंत होते," शैलश्री म्हणाली. "ओढताना त्यांनी घोंगडी मुठीत धरली होती. तुम्ही काय करत होता?"

वीरण्णानं फाटलेला तळवा हातात धरला. मग म्हणाला, "पानी मागायलते. मी गाडीत जाऊन बसलो. काच वर केली. एसी लावला." आणि चिडूनच पुढं म्हणाला, "लवकर जीव सोडंनात."

नीलम्मानं हे ऐकलं. ती किंचाळली नाही की पुढं धावली नाही. तिनं पदर तोंडात धरला आणि रस्त्यावरच खाली बसली. तिच्याजवळ जायचं धाडस कुणाला झालं नाही.

गर्दीनं मात्र क्षणही दवडला नाही. कालचाच जॅकचा दांडा कुणाच्या तरी हातात पुन्हा दिसला. "ठेचा ह्याला!" शैलश्री मध्ये उभी राहिली.

"कालही एवढीच खात्री होती तुमची," ती म्हणाली.

दांडा खाली गेला. पंचांनी मुकाट्यानं पंचनाम्यावर सह्या केल्या. त्यातला एक, बसप्पा, सिद्धलिंगप्पांच्या नावानं हुंदके देत होता. वीरण्णाला जीपमध्ये घातलं, तेव्हा फाटलेल्या तळव्याला पट्टी बांधा म्हणून तो मडिवाळप्पाशी भांडत होता.

दुपारी शैलश्री दवाखान्यात गेली आणि स्वतःच्या हातानं सुनीलकुमारची बेडी काढली. सकाळीच त्याचं ऑपरेशन झालं होतं. अंगठा ठेवला होता. बाकीची चार बोटं ठेवण्यासारखी नव्हती.

"तुझं खरं निघालं," ती म्हणाली. "गाडी उजवीकडंच ओढते. तुझ्यावर खुनाबिनाचं काही नाही."

त्यानं पट्टीतला हात चादरीखाली घेतला.

कोंडाबाई पहिल्यांदाच बोलली. "खरं निगालं म्हनता. मग त्याची बोटं कुनाकडनं आनायची, बाई?"

शैलश्रीनं खुर्ची ओढली. "सुनील, हात कुणी कुणी धरला होता? दांडा कुणाच्या हातात होता? नावं सांग."

"नगं मॅडम," तो म्हणाला. "गावात ऱ्हायचंय. आन् तीच मानसं तुमचे पंच हाईत ना? त्यांला धरलं तर वीरण्णाची केस फुटंल."

दारातून मडिवाळप्पानं हळूच मान हलवली. पोरगं बरोबर बोलत होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

"मला काय कुनाची केस न्हाई," कोंडाबाई म्हणाली. तिनं लेकाच्या पायावरचा हात काढला आणि सरळ बसली. "ल्याहा बाई. हात बसप्पानं धरलता."

शैलश्रीनं मडिवाळप्पाकडे न बघता पेन काढलं.

"पुढं सांगा," ती म्हणाली.